दोन-कमी ओडेल

इटलीतल्या कास्टेलवेन्नात प्रत्येकाला दोन नावं असतात. एक चर्चच्या नोंदवहीत असतं, दुसरं गावाच्या तोंडात. पहिलं आईबाप ठेवतात. दुसरं आपलं आपण कमवायचं, बहुतेक वेळा एखादा गाढवपणा करून. ते एकदा चिकटलं की मेल्यावरही सुटत नाही. भिंतीवर मयताचा कागद लावतात, त्यावर खऱ्या नावाखाली 'उर्फ' म्हणून ते छापावंच लागतं, नाहीतर लोक विचारतात, हा कोण बुवा गेला? बेकरीवाला क्विंतो 'तीन-मिनिटं' आहे, कारण तरुणपणी गावाच्या बास्केटबॉल संघात अख्ख्या मोसमात तो तेवढाच वेळ खेळला. टोपणनाव नसतं ते पाहुण्यांना आणि नव्यानं बदलून आलेल्या पाद्र्याला.

शाळेची बस चालवणारा ओडेल प्रुइट पाहुणा नाही. सहा फूट आठ इंच उंचीचा हा काळा माणूस सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागं सरकवतो, तरी त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतातच. वय त्रेसष्ट. जन्म अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, पाइन ब्लफ गावी. बाप कागदाच्या गिरणीत, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. पण आता तो इथली बोली इथल्यांपेक्षा अस्सल बोलतो, आणि सशाच्या रश्शात बडीशेप कमी पडली तर तोंड वाकडं करतो. त्याचं गावातलं नाव 'दोन-कमी'. हे नाव त्याला एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये मिळालं, अकरा सेकंदांत.

त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये तो इथं आला. कॉलेजात बरा खेळायचा, पण अमेरिकेतल्या मोठ्या लीगनं त्याला विचारलं नाही. तिथं असे शेकड्यानं असतात. एजंटनं फोन केला, म्हणाला, इटलीत एक संघ आहे, दुसऱ्या श्रेणीतला, तुला जाता येईल का? ओडेलनं नकाशात गाव शोधलं, सापडलं नाही, तरी तो गेला. संघाला दोन परदेशी खेळाडू चालायचे. दुसरा अमेरिकन नाताळाच्या सुटीत घरी गेला तो परत आलाच नाही. मग राहिला एकटा ओडेल.

त्याची राहायची सोय एर्सिलिया तोंबारीच्या घरी, तिच्या खिळेमोळ्यांच्या दुकानावरच्या खोलीत केली होती. एर्सिलिया विधवा, बावन्न वर्षांची. नवऱ्याबरोबर अकरा वर्षं मेलबर्नला राहून आलेली, म्हणून गावात इंग्रजी येणारी ती एकटी. बाकीच्यांचं शाळेतलं फ्रेंच, तेही विसरलेलं. क्लबनं तिलाच दुभाषी केलं. त्यामुळे सामन्याच्या वेळी संघाच्या बाकावर, घामेजलेल्या पोरांच्या रांगेत शेवटी, काळा कोट घातलेली एक बाई मांडीवर पर्स ठेवून बसलेली असायची. पंचांनी पहिल्यांदा हरकत घेतली. नंतर तेही तिला वाकून नमस्कार करायला लागले.

प्रशिक्षक ब्रुनो गास्पारिनी माणूस हुशार, पण तोंडाचा फाटका. त्याच्या एका वाक्यात दोन संत आणि एक मदोन्ना, म्हणजे येशूची आई, यायचीच, आणि त्यांच्याबद्दल तो जे बोलायचा ते काही आरतीत म्हणण्यासारखं नसायचं. एर्सिलिया रोज सकाळी सहाच्या प्रार्थनेला जाणारी. तिनं पहिल्या दिवसापासून ठरवलं की असली घाण आपण दुसऱ्या भाषेत नेणार नाही. पहिल्याच सरावात ब्रुनो लालबुंद होऊन पूर्ण एक मिनिट ओरडला. ओडेलनं एर्सिलियाकडं पाहिलं.

"म्हणतायत, परत येताना पळत ये," ती म्हणाली.

"एवढंच? ते तर बराच वेळ बोलत होते."

"बाकीचं तुझ्या कामाचं नाही."

तांदळातले खडे निवडावेत तशी ती ब्रुनोचं बोलणं निवडून द्यायची. आठ महिने त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. ओडेल पळायचा, उड्या मारायचा, सामन्याला वीस-बावीस गुण करायचा, आणि घरी येऊन एर्सिलियाच्या हातचा तीन माणसांचा पास्ता एकटा खायचा. ती म्हणायची, "एवढ्या लांबीला एवढं लागणारच. पाइपसुद्धा लांब असला की पाणी जास्त लागतं."

एप्रिलमध्ये मोसमाचा शेवटचा सामना आला, घरच्या कोर्टवर, शेजारच्या फोस्सार्नाशी. दोघांतला एक संघ दुसऱ्या श्रेणीत टिकणार, दुसरा खाली घसरणार. कास्टेलवेन्ना जिंकलं की दोघांचे गुण सारखे होणार होते. आणि गुण सारखे झाले की आपसातल्या दोन सामन्यांचा हिशेब बघतात. हिवाळ्यात फोस्सार्नाला जाऊन कास्टेलवेन्ना सातनं हरलं होतं. म्हणजे आता नुसतं जिंकून भागत नव्हतं, आठनं जिंकायला हवं होतं.

हे गावात कोणाला माहीत नव्हतं? बुटांच्या कारखान्यात बायका आठ म्हणत होत्या, न्हाव्याकडे आठ, रविवारी पाद्र्यानं प्रवचनात आठ आशीर्वाद मोजून दाखवले. जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी कोणाला सांगत नाही. आणि ओडेल ज्या देशातून आला होता तिथं असला हिशेबच नाही. तिथं एकानं जिंकलं काय आणि तीसनं जिंकलं काय, जिंकलं ते जिंकलं. वर-खाली जाणं नाही, फरक मोजणं नाही. शिवाय त्याला त्याच्या शाळेतल्या मास्तरांनी शिकवलं होतं की सामना हातात आला की समोरच्याच्या जखमेवर मीठ चोळायचं नाही. चेंडू धरायचा, घड्याळ संपू द्यायचं, हात मिळवायचा.

चाळीस सेकंद उरले असताना कास्टेलवेन्ना सहानं पुढं होतं. ब्रुनोनं खेळ थांबवला. तो जे बोलला त्यात एकाच वाक्यात मदोन्ना तीनदा आली. एर्सिलियाचे कान तापले. तिनं शेवटचं तेवढं उचललं.

"म्हणतायत, चेंडू घालवू नकोस."

ओडेलनं मान हलवली. फोस्सार्नाची एक फेक चुकली, आणि अकरा सेकंद असताना चेंडू ओडेलच्या हातात आला. समोर कोणी नव्हतं. फोस्सार्नाचे खेळाडू हात खाली सोडून लांब उभे होते. त्यांना तर हेच हवं होतं. ओडेलला वाटलं, बिचाऱ्यांनी हार मानली. त्यानं चेंडू छातीशी धरला आणि हसला. अख्खा हॉल उभा राहून किंचाळायला लागला. ओडेलला वाटलं, आनंद झालाय लोकांना. त्याच्याच संघातला एक जण धावत आला आणि चेंडू हिसकावायला त्याच्या हाताला लोंबकळला. ओडेलला वाटलं, लाडात आलाय. त्यानं चेंडू डोक्यावर उंच धरला, जिथं कास्टेलवेन्नातल्या कोणाचाही हात पोचत नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो असा. भोंगा वाजला, ओडेलनं दोन्ही हात वर केले, आणि मग त्याला दिसलं की फोस्सार्नाचे लोक नाचतायत आणि ब्रुनो कोर्टवर मांडी घालून बसलाय.

कपडे बदलायच्या खोलीत कोणी बूटसुद्धा सोडत नव्हतं. एर्सिलिया दारात उभी राहिली आणि तिनं ओडेलला हळू आवाजात सांगितलं की आठ हवे होते.

"आठ कशाला?" ओडेल म्हणाला. "जिंकलो ना आपण?"

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष आत आले. बुटांच्या कारखान्याचे मालक ते. ओरडायची सवय नव्हती, गरजही नव्हती. ते एर्सिलियाला म्हणाले, "सिन्योरा, याला विचारा. आठ हवेत हे तुम्ही याला सांगितलं होतं की नाही?"

आता गंमत बघा. प्रश्न तिच्याबद्दलचा, आणि तो विचारायचा तिनंच, कारण दुसरं कोणी विचारू शकत नव्हतं. तिच्या मनात आलं असतं तर तिनं काहीही विचारलं असतं. पण बाई सचोटीची. त्या एका वेळी तिनं एक शब्दही गाळला नाही. "ते विचारतायत, मी तुला आठचं सांगितलं होतं की नाही."

ओडेलनं तिच्याकडं पाहिलं. तिचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं आणि ती पर्सचा पट्टा पिळत होती. तो तेव्हा पंचविशीचा, पण आईनं नीट वळण लावलेला. त्याला एवढं कळलं की आपण परवा विमानात बसणार, हिला मात्र उद्या सकाळी दुकान उघडायचंय, आणि या गावात खिळेमोळ्यांचं ते एकच दुकान नाही, लोक रागावले तर दुसरीकडं जातील.

"त्यांना सांगा, सांगितलं होतं म्हणून," तो म्हणाला. "मीच विसरलो."

एर्सिलियानं त्याचं बोलणं जसंच्या तसं इटालियनमध्ये सांगितलं. म्हणजे आयुष्यातलं सर्वांत अचूक भाषांतर तिनं केलं, आणि तेच खोटं होतं.

पुढं बारा वर्षं ओडेलचं बिऱ्हाड पाठीवर होतं. दहा क्लब, सहा देश. पोर्तुगालच्या एका बेटावर तो एक वर्ष खेळला, तिथं वादळ आलं की समोरचा संघ तीन-तीन दिवस पोचायचाच नाही. फिनलंडला सामन्यानंतर क्लबच्या अध्यक्षाबरोबर वाफेच्या खोलीत नागडं बसावं लागायचं, आणि करारावर सही व्हायची ती तिथंच. फिलिपिन्समध्ये एकेचाळीस दिवसांत त्याला काढून नवा आणला. नवा आला तेव्हा ओडेलचं अंथरूण अजून गरम होतं. परदेशी खेळाडूचं हे असंच. गाव डोक्यावर घेऊन नाचतं, आणि दोन सामने हरले की एजंटचा फोन येतो. ओडेलकडं दोन बॅगा होत्या. दुसरी त्यानं कुठंच उघडली नाही. आई फोनवर विचारायची, "बाळा, खरी नोकरी कधी बघणार तू?"

पण एक गोष्ट तो शिकला होता. कुठल्याही संघात, मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी तो आधी विचारायचा, "कितीनं?" पाच भाषांत त्याला हा एकच शब्द नीट यायचा. सायप्रसला याच शब्दानं त्याला तारलं. तिथं चारनं हरलं तरी चालणार होतं. तीननं मागं असताना ओडेल शेवटचे वीस सेकंद चेंडू घेऊन निवांत उभा राहिला, आणि हरल्याबद्दल लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

या सगळ्या वर्षांत तो कुठंही असला तरी डिसेंबरात एर्सिलियाचं पार्सल यायचं. बदामाची चिक्की, लोकरीचे मोजे, आणि एक चिठ्ठी: जेवतोस ना? दुसरं काही नाही. सदतिसाव्या वर्षी गुडघा गेला, तेव्हा तो आठ दिवसांसाठी म्हणून कास्टेलवेन्नाला आला. क्लब तोवर पार चौथ्या श्रेणीत पोचला होता. चौकात उतरला तोच बेकरीच्या दारातून क्विंतो ओरडला, "अरे बघा, दोन-कमी आला!" बारा वर्षांत जगात कुठंही कोणी ओडेलला हाक मारून ओळखलं नव्हतं. त्यानं दुसरी बॅग उघडली ती इथं.

मग तो राहिलाच. एर्सिलियाची भाची दोनातेल्ला दाताच्या डॉक्टरकडं कामाला होती. तिच्याशी त्याचं लग्न झालं. मुलांना खेळ शिकवला, बसचं लायसन्स काढलं. सत्त्याऐंशीचा संघ दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी एकत्र जेवतो. ससा झाला, की कॉफीच्या आधी ओडेलला उभं करतात, हातात चेंडू देतात, आणि तो डोक्यावर धरायला लावतात. सगळे अकरापासून उलटे मोजतात. शून्याला टाळ्या. पहिल्या वर्षी ओडेलला ते बोचलं. नंतर नंतर तोच चेंडू मागून घ्यायचा.

एर्सिलिया त्या जेवणाला कधी जायची नाही. तिनं आणि ओडेलनं त्या दिवसाचा विषय अडतीस वर्षं काढला नाही. दोघं मूग गिळून बसले होते. पण दरवर्षी त्या रविवारी सकाळी ती त्याच्या घरी एक गोल केक आणून ठेवायची आणि काही न बोलता जायची. दोनातेल्लाला वाटायचं, आत्याचा जीव आहे याच्यावर. तो होताही, पण केक त्यासाठी नव्हता.

यंदा एर्सिलिया नव्वद वर्षांची. ईस्टरच्या आधी तिनं नव्या पाद्र्यापुढं पापाची कबुली दिली. तरुण पाद्री; जुना असता तर दोन प्रार्थना सांगून मोकळा झाला असता. हा म्हणाला, देवाकडून मी माफी देतो, पण ज्यांच्याशी खोटं बोललात त्यांना जाऊन सांगा. ओडेल शनिवारी तिच्या दुकानाचं शटर दुरुस्त करायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "उद्या मी जेवायला येतेय. सगळं सांगणारेय."

ओडेल शिडीवरून खाली उतरला. "कशाला आत्या? झाकली मूठ आहे ती. कोणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. तुझं नाव खाऊन बसलेय मी अडतीस वर्षं. ते पचेना आता."

"मला त्याचं काही वाटत नाही."

"तुझं नाही, माझं बोलतेय मी."

ओडेल पुन्हा शिडीवर चढला. पण काहीतरी त्याला खुपत राहिलं, आणि ते एर्सिलियासाठी नव्हतं. कशासाठी ते त्याला त्या दिवशी कळलं नाही.

रविवारी ससा झाला. क्विंतो चेंडू घेऊन उठला, तेवढ्यात एर्सिलिया काठी टेकत उभी राहिली. "थांबा," ती म्हणाली. "आठ हवेत हे मी याला सांगितलंच नव्हतं. ब्रुनो, तू एका दमात मदोन्नाला तीनदा घाण बोललास. मला राग आला, आणि मी फक्त शेपूट सांगितलं. आणि नंतर खोटं बोलले."

सगळे हसले. खदाखदा हसले.

"वा, एर्सिलिया! जावयाची बाजू घ्यायला आलात होय!" क्विंतो म्हणाला. "अहो, नव्वदाव्या वर्षी तरी खोटं बोलू नका!"

"खरं बोलतेय, गाढवा!"

"वाइन कोणी दिली रे यांना?"

एर्सिलिया चारी बाजूंना बघत राहिली. खोटं बोलली तेव्हा गावानं एका वाक्यात विश्वास ठेवला होता. खरं बोलली तर कोणी ऐकेना. तिनं ओडेलकडं तोंड वळवलं. "तू सांग यांना."

चौऱ्याऐंशी वर्षांचा ब्रुनो मात्र हसला नव्हता. तो टेबलावर हात टेकून म्हणाला, "ओडेल, इकडं बघ. हिनं तुला सांगितलं होतं की नाही?"

तोच प्रश्न. फक्त आता मध्ये कोणी नव्हतं. ओडेलनं एर्सिलियाकडं पाहिलं. हातात पर्स होतीच, पण ती पट्टा पिळत नव्हती. तेव्हा तिला वाचवायचं म्हणजे खोटं बोलायचं होतं; आज वाचवायचं तर खरं बोलावं लागणार होतं.

"नाही," तो म्हणाला. "नव्हतं सांगितलं."

ब्रुनोनं समोरची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "अडतीस वर्षं मी जगाला सांगत फिरलोय, की हा माणूस मूर्ख होता म्हणून. आणि हा दरवर्षी माझ्यापुढं चेंडू धरून उभा राहतोय." त्याचे डोळे भरून आले. त्यानं एका संताचं नाव घेतलं, एर्सिलियाकडं पाहिलं, आणि पुढचा शब्द गिळला.

सगळे ओडेलशी एकदम अदबीनं वागायला लागले. कोणी त्याला वाइन वाढली, कोणी खुर्ची सरकवली, एक जण तर 'सिन्योर प्रुइट' म्हणाला. आणि तेव्हा ओडेलला कळलं, काल काय खुपत होतं ते. नाव चाललं होतं त्याचं. सव्वीस वर्षांनी तो पुन्हा पाहुणा होत होता.

"हे बघा," तो जरा चिडूनच म्हणाला, "नाव माझं आहे. ते मी कोणाला देणार नाही."

"तुझं कसं?" एर्सिलिया म्हणाली. "ते दोन माझ्यामुळं कमी पडले. नाव माझं."

"चेंडू कोणाच्या हातात होता?"

"आणि तोंड कोणाचं बंद होतं?"

दोघं हटून बसले, भाऊबंदकीत शेवटच्या वाफ्यावरून बसतात तसे. शेवटी क्विंतोनं चेंडू टेबलावर आपटला. "अरे, कमी पडले दोन, आणि तुम्ही दोघं. डोकं आहे की नाही? एकेक वाटून घ्या. तूही एक-कमी, त्याही एक-कमी. झालं! आता कॉफी आणा." अख्ख्या मोसमात तीन मिनिटं खेळलेला माणूस, पण त्या दिवशी कामाला आला. मग त्यांनी ओडेलला उभं केलं, शेजारी एर्सिलियाला उभं केलं, आणि अकरापासून उलटं मोजलं.

सोमवारी सकाळी ओडेलनं नेहमीसारखी बस बेकरीपुढं थांबवली. क्विंतो पिठाच्या हातांनी बाहेर आला आणि ओरडायला लागला. रस्ता अडवणाऱ्या बसवर, ती चालवणाऱ्या एक-कमीवर, गिऱ्हाइकांच्या खोळंब्यावर. आणि वाटेत त्यानं संत अंतोनिओपासून मदोन्नापर्यंत कोणाला सोडलं नाही. एर्सिलिया पाव घेऊन दारात उभी होती. ती बसकडं वळली आणि कित्येक वर्षांनी आपल्या मेलबर्नच्या इंग्रजीत म्हणाली, "म्हणतोय, बस जरा पुढं घे."

ओडेलनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "एवढंच? तो तर बराच वेळ बोलत होता."

एर्सिलियानं पावाची पिशवी पायरीवर ठेवली. समोर चर्चचं दार उघडं होतं. तिनं तिकडं बघून छातीवर क्रूस काढला, मग ओडेलकडं तोंड केलं, आणि भर चौकात, मोठ्या आवाजात, अंतोनिओपासून मदोन्नापर्यंत सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

ओडेलनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बस पुढं घेतली.